गुप्तेसाहेबांचं तिसरं मृत्युपत्र

१

"वकीलबाई, पुन्हा गेलं."

जानेवारीतली शनिवारची सकाळ. करोल बागेतल्या माझ्या खोलीत मी अजून शालीतून नीट बाहेरही आले नव्हते. पण आवाज ओळखीचा होता. फरीदाबादचे श्रीरंग गुप्ते. काय गेलं हे विचारायचीही गरज नव्हती.

"मृत्युपत्र?"

"हो. काल रात्री झोपताना कपाटात पाहिलं होतं. आत्ता बघतो तर लिफाफ्यासकट गायब! याल ना? दुपारी जेवायलाच या. सुधन्वालाही कळवलंय. साक्षीदारांनाही."

फोन ठेवला आणि मी मनसोक्त चिडले. वर्षभरात तिसऱ्यांदा! हजारदा सांगितलं या माणसाला, की साहेब, नोंदणी करून टाका. ते नको तर मूळ प्रत माझ्या तिजोरीत ठेवा. नाही म्हणजे नाही. "माझ्याच घरी असू दे" हा हट्ट. मग घ्या आता.

मी अलकनंदा रिसबूड. दिल्लीत सव्वीस वर्षं वकिली करते, बहुतेक वेळ आपल्या माणसांची मृत्युपत्रं करण्यात जातो. माझी एक पद्धत आहे. सही घरीच व्हायची, दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर बसलेले हवेत, मुलंबाळं असतील तर तीही हवीत, आणि मी सगळं मोठ्यानं वाचून दाखवणार. कायद्याला एवढं लागत नाही. मला लागतं. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्याला फसवून सही घेतली.

गुप्तेसाहेब केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. तीस वर्षं लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहिले. तिथं एका घरात फोडणी बसली की चार घरांतून "काय आज?" अशी हाक यायची. निवृत्तीनंतर फरीदाबादच्या नव्या सेक्टरमध्ये घर बांधलं, आणि घर लागतंय न लागतंय तोच भानुमतीवहिनी गेल्या. आता तिथं शेजारीपाजारी त्यांना 'गुप्ताजी' म्हणतात. दारावरच्या पाटीवर स्पष्ट 'गुप्ते' लिहिलंय, पण वाचतो कोण? सुरुवातीला ते दुरुस्त करायचे. आता 'हां जी' म्हणतात.

बदरपूरची वेस ओलांडून बस फरीदाबादेत शिरली तेव्हा धुकं अजून उठलं नव्हतं. गुप्त्यांच्या फाटकाशी सुधन्वाची नवीकोरी गाडी उभी होती, आणि आतून त्याचा चढलेला आवाज ऐकू येत होता.

"बस झालं बाबा! आज पोलीस. बिल्कुल पोलीस!"

२

आत शिरले तर घरभर खोबऱ्याचा आणि आमसुलाचा वास. जेवणाच्या टेबलावर पानं मांडलेली. सहा खुर्च्यांचं ते सनमायकाचं टेबल वहिनींनी हौसेनं घेतलं होतं. खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक चार वर्षांत कुणी काढलं नव्हतं. गुप्त्यांच्या स्वतःच्या खुर्चीवरचं तेवढं फाटून गेलं होतं, कारण बसणारे तेच एकटे.

सुधन्वा एकुलता एक मुलगा. परदेशी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, राहायला गुडगावला. हातात विटेएवढा मोबाइल. त्याच्याशेजारी दोन्ही साक्षीदार बसले होते. पलीकडच्या घरातले हरीश चावला, ज्यांच्याकडे या घराची जादा किल्ली असते. आणि लक्ष्मीबाई नगरचे जुने सोबती मारुतराव, जे मुलाच्या क्वार्टरमधून दोन बसा बदलून आले होते.

आणि भिंतीला पाठ लावून उभी होती अक्षता. मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी मुलगी. लातूरकडची, औशाची. यूपीएससीची तयारी करते. चेहरा पांढराफटक.

"बस ना गं, उभी का?" मी सहावी, रिकामी खुर्ची पुढे ओढायला गेले.

"तिथं नको!" गुप्ते घाईनं म्हणाले. "पाय डुगडुगतो तिचा. पडेल पोर. मी स्टूल देतो."

ते स्टूल घेऊन आले. पोरगी काही बसली नाही.

"आंटी, सिंपल आहे," सुधन्वा म्हणाला. हा मला आंटी म्हणतो तेव्हा माझ्या अंगाला काटा येतो. "घरात दोनच माणसं. एक बाबा. दुसरी ही. पहिल्या मृत्युपत्रात हिचं नावही नव्हतं. ते गेलं. दुसऱ्यात बाबांनी हिला पुस्तकं दिली. ते गेलं. तिसऱ्यात लिहिलं, परीक्षा पास होईपर्यंत मागची खोली हिच्याकडेच. आता तेही गेलं! चौथ्यात काय, अख्खं घर? मी एफआयआर करतोय."

"मी कपाटाला हातसुद्धा लावला नाही," अक्षता म्हणाली. आवाज फुटत नव्हता.

"सुधन्वा, पोलीस कशाला," गुप्ते पुटपुटले. "आधी जेवून घ्या रे. गरम आहे तोवर."

घरात चोरी झालेली, मुलगा पोलिसांना बोलावतोय, आणि हे पानात वाढतायत! पण खोटं कशाला बोलू, वालाचं बिरडं पाहिल्यावर माझाही राग निम्मा उतरला. दिल्लीत बिरडं कोण घालतं हो कुणाला? मागल्या खेपेला, दिवाळीच्या कितीतरी आधी, यांच्याकडे अनारसे होते. मी चार खाल्ले होते.

"श्रीरंगा, मानलं तुला!" मारुतराव बोटं चाटत म्हणाले. "या थंडीत आमच्याकडे साध्या मटकीला मोड येत नाहीत. आमची ही पातेलं रजईत गुंडाळून ठेवते, तरी दोन-दोन दिवस ढिम्म!"

"गुप्ताजी, ये क्या दाल है? बहुत बढ़िया," हरीशजी म्हणाले.

"कुठली तरी बीन्स आहे," सुधन्वानं परस्पर उत्तर दिलं. तो जेवला नव्हताच. ताट बाजूला सारून तो उठला, सहावी खुर्ची उलटी फिरवून तिच्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसला, आणि पाठीवर रेलून पुढेमागे झुलत मोबाइलचे आकडे दाबू लागला.

गुप्त्यांच्या हातातला डाव वाढता वाढता थांबला.

३

फोन लागला नाही. फरीदाबादेत त्या मोबाइलला रेंज कुठली! सुधन्वा गच्चीवर गेला. तेवढा वेळ माझा होता.

आधी हरीशजींना व्हरांड्यात गाठलं. त्यांना हे घर हवंय, पाडून तीन मजले चढवायचे आहेत, हे सेक्टरमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. किल्लीही त्यांच्याचकडे.

"मैडम, गुप्ताजी जब तक हैं, मैं मकान की बात नहीं करता," ते सरळ म्हणाले. "और कागज चुराके मुझे क्या मिलेगा? वो तो फिर लिख देंगे."

माणूस व्यवहाराचा. पण बोलला ते माझ्या डोक्यात बसलं.

मग अक्षताची खोली. टेबल, पलंग, पुस्तकांच्या चळती, आणि खिडकीत पाण्यात ठेवलेली मनी प्लांटची फांदी. पोरगी पलंगाच्या कडेवर बसली आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू एकदम बाहेर आलं.

"मॅडम, एफआयआर झाला तर माझं संपलं. उद्या निवड झाली तरी पडताळणीत नाव येईल. चोरी, तीही म्हाताऱ्या माणसाच्या घरात. बाबांनी औशात सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझी पोरगी दिल्लीला साहेब व्हायला गेलीय म्हणून. ते कुठं तोंड दाखवतील?"

"रडणं थांबव आणि आठव. काल घरात कोण आलं होतं?"

"कुणीच नाही. कुणी येतच नाही इथं." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "काल दुपारी पाणी घ्यायला गेले तेवढं आजोबा दिसले. स्वयंपाकघरात पाटावर बसून मटार सोलत होते. पाठमोरे. आणि बोलत होते, एकटेच. 'मारुतीला तिखट लागतं, वकीलबाईंना खोबरं जास्त.' असं काहीतरी. मला वाटलं आजींच्या आठवणीत असतील. मी पाय न वाजवता परत आले."

मी तिच्याकडे बघत राहिले.

"मटार? नक्की?"

"हिवाळ्यात दिल्लीत दुसरं काय सोलतात?"

औशाची पोर ती. तिला काय माहीत?

जिन्यावर बुटांचा आवाज झाला. सुधन्वा खाली येत होता. "लागला फोन!" तो ओरडला. "चौकीतून हवालदार येतोय. अर्ध्या तासात."

४

मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं.

गुप्ते ओट्याशी उभे राहून भांडी विसळत होते. स्वेटरच्या बाह्या ओल्या झाल्या होत्या. मागून माणूस अगदीच लहान दिसत होता.

"गुप्तेसाहेब, वाल भिजत कधी घातलेत?"

नळ तसाच वाहत राहिला. मी पुढे होऊन बंद केला.

"काय?" ते म्हणाले.

"वाल हो! आधी भिजवायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. या थंडीत मोड यायला किती दिवस लागतात ते आत्ताच मारुतरावांनी सांगितलं. मृत्युपत्र गेल्याचं तुम्हाला आज सकाळी कळलं म्हणता. मग सहा माणसांचं बिरडं तुम्ही कुणाच्या भरवशावर घातलंत? एकट्यासाठी कुणी वाल सोलत बसत नाही. काल दुपारी अक्षतानं तुम्हाला सोलताना पाहिलं. तिला वाटलं मटार. पण जेवणात मटाराचा एक दाणा नव्हता. आणि मला खोबरं जास्त लागतं, हे तुम्ही काल बोलत होतात. मला फोन करायच्या आधी!"

ते ओल्या बाह्या खाली ओढत राहिले.

"मागल्या खेपेचे अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजवल्याशिवाय अनारसा होतो का? तेव्हाही चोरी त्याच सकाळची होती. मी आपली खात बसले, मूर्खासारखी! आणि मुख्य म्हणजे, जिवंत माणसाचं मृत्युपत्र चोरून कुणाला काय मिळतं? तो दुसरं करतो. अक्षताला तर उलट खोली गमवावी लागते. तीन चोऱ्यांतून तिन्ही वेळा एकच गोष्ट घडली. आम्ही सगळे इथं येऊन या टेबलाशी बसलो."

मला फार राग आला होता, आणि त्याच वेळी त्यांची दयाही येत होती. दोन्ही लपवायचा मी प्रयत्न केला नाही.

"कुठंय तेही सांगते. डुगडुगणाऱ्या खुर्चीवर ऐंशी किलोचा तुमचा मुलगा झोके घेत बसला, आणि खुर्चीनं हूं की चूं केलं नाही. पण तुमच्या हातातला डाव थांबला. प्लॅस्टिकच्या खाली आहे ना?"

गुप्त्यांनी हात पुसले. बराच वेळ पुसत राहिले.

"पहिल्यांदा खरंच सापडत नव्हतं हो," ते म्हणाले. "तुम्ही सगळे धावत आलात. सुधन्वा रात्री राहिला. मारुतीनं बाजाची पेटी काढायला लावली, भानुमतीची जुनी. मग दोन दिवसांनी ते वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात मिळालं. आता काय करायचं? बोलावून सांगायचं, की सापडलं, येऊ नका? फाडवेना मला. सरकारी माणूस. सही झालेला कागद कसा फाडणार? आणि दुसऱ्यांदा..."

"आणि ती पोरगी? तिच्यावर चोरीचा आळ येतोय, आणि तुम्ही 'जेवून घ्या' म्हणता?"

"सांगणार होतो. सकाळपासून सांगायचा प्रयत्न करतोय. पण सुधन्वासमोर... तो काय म्हणेल? बापाला वेड लागलं म्हणेल."

"म्हणू दे!" मी इतक्या जोरात बोलले की बाहेर सगळं शांत झालं. "साहेब, मी सांगू शकते. आत्ता बाहेर जाऊन. पण मग आयुष्यभर ती तुमच्याकडे बघेल तेव्हा तिला आठवेल, की तुम्ही गप्प बसला होतात."

फाटकाशी मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

५

हवालदार दारात, सुधन्वा पुढे होऊन तक्रार सांगायला सुरुवात करतोय, अक्षता भिंतीशी. सगळे आमच्याकडे वळले. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. बोलायचं त्यांनी होतं.

गुप्ते टेबलाशी गेले. सहावी खुर्ची सरळ केली. प्लॅस्टिकची खालची कड उचकटली आणि आतून तीन लिफाफे काढून टेबलावर ठेवले. एकावर एक, कडा जुळवून.

"मीच ठेवले होते," ते मराठीत म्हणाले. मग हवालदाराकडे वळून हिंदीत, "मैंने ही रखे थे जी. लड़की का कोई क़सूर नहीं. लिखना है तो मेरा नाम लिखिए."

हवालदारानं एकेकाकडे पाहिलं. हरीशजी पुढे झाले. "घर की बात है भाईसाहब. ठंड है, अंदर आओ, चाय पियो." आणि त्याला मारुतरावांच्या शेजारी बसवलंसुद्धा. मारुतरावांनी काही न सुचून त्याच्यापुढे बिरड्याची वाटी सारली.

सुधन्वा त्या लिफाफ्यांकडे बघत होता. "पण का? बाबा, यार, एक फोन करायचा ना!"

"करतो की." गुप्ते त्यांच्या त्या फाटक्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले. "फोन केला की तू म्हणतोस, 'बोला बाबा, काय काम होतं?' तुझं चुकत नाही. तू कामात असतोस. पण मग मला काहीतरी काम असावं लागतं ना रे. मी आठवून बघतो. नळ गळत नाही, बिल भरलेलं असतं. मग मी 'काही नाही, सहज' म्हणतो, आणि तू 'अच्छा, ठेवू?' म्हणतोस."

सुधन्वानं मोबाइल टेबलावर ठेवला. एवढा मोठा साहेब, पण त्या क्षणी मला त्याची कीव आली. तो जाऊन अक्षतासमोर उभा राहिला आणि "सॉरी, मी जरा जास्तच..." असं काहीतरी बोलला. तिनं मान हलवली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. ती गुप्त्यांकडे बघत होती.

"आजोबा, काल तुम्ही हे वाल सोलत होता?"

"हो."

"एवढे सगळे? एकटे?"

"तू अभ्यास करत होतीस. तुला कशी हाक मारणार? तुझा वेळ मोलाचा."

"मी दाराला कडी लावत नाही," अक्षता म्हणाली. आता ती पुन्हा रडत होती आणि चिडलेलीही होती. "आले तेव्हापासून नाही लावत. नुसतं लोटून ठेवते. तुम्हाला आवाज येईल म्हणून रेडिओ मोठा लावते. कुणीतरी म्हणेल, पोरी, चहा घे. दिवसाचे दिवस मी कुणाशी एक शब्द बोलत नाही, माहितीय? आणि तुम्ही आज सकाळपासून बघत होता मला. सगळे मला चोर म्हणत होते, आणि तुम्ही बघत होता!"

गुप्त्यांनी हात जोडले. साठी ओलांडलेला माणूस, चोवीस वर्षांच्या मुलीपुढे. ते मला बघवलं नाही, मी खिडकीकडे वळले. ती काही त्यांच्याजवळ गेली नाही. आपल्या खोलीत गेली. पण कडीचा आवाज आला नाही. मी कान देऊन ऐकत होते.

थोड्या वेळानं मी तिन्ही लिफाफे पिशवीत टाकले. "हे आता माझ्या तिजोरीत राहणार. तिसरं कायम. नवीन काही करायचं नाही."

"बरोबर आहे," गुप्ते म्हणाले, आणि चेहरा असा उतरला की बस. ते मला फाटकापर्यंत पोचवायला आले. हातात वर्तमानपत्राची पुडी होती. उरलेले कोरडे वाल. "घ्या. पुण्याहून मागवलेत. आता मला कशाला एवढे?"

"पुढल्या रविवारी येते," मी म्हणाले.

"का? काही सह्या राहिल्यात?"

"नाही. काहीही राहिलेलं नाही."

करोल बागेत परतले तेव्हा दिवे लागले होते. खालच्या दुकानांत लग्नाच्या खरेदीची झुंबड, आणि वर माझी खोली, सकाळी सोडली तशीच. शाल खुर्चीवर, कप टेबलावर. कपाला हात लावायलाही दुसरं कुणी नाही. सव्वीस वर्षं मी लोकांना विचारत आलेय, तुमच्यामागे कोण कोण? माझ्या स्वतःच्या मृत्युपत्रात कुणाचं नाव घालायचं हे न सुचल्यामुळं मी ते अजून केलेलं नाही, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पुडी उघडली. एकटीला म्हणून वाल मी जन्मात भिजवले नव्हते. होते तेवढे सगळे पातेल्यात ओतले, पाणी घातलं, आणि फोनकडे गेले. फरीदाबादचा नंबर फिरवला.

फोन अक्षतानं उचलला. मागं स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होता, आणि कुणीतरी "साखर किती?" असं विचारत होतं.

"मॅडम, तुम्ही? काय काम होतं?"

मी आठवून पाहिलं. "काही नाही गं," मी म्हणाले. "सहज."

मग तिनं फोन बाजूला धरून हाक मारली, "आजोबा, या लवकर. वकीलबाई आहेत. ठेवू नका हं मॅडम, ते हात पुसतायत."